दिवसाला एक रुपया

“आपल्या समाजातील कलावंतांनी आपल्या आठवणी लिहून द्याव्यात,” असा आग्रह या पत्रकाच्या संपादकांनी गेली काही वर्षे माझ्यामागे धरला आहे. मी तो आजवर टाळीत आलो. वयाची पंच्याऐंशी उलटल्यावर टाळण्यासाठी फारसा अवधी उरत नाही, म्हणून आज लेखणी हाती घेतली आहे. परंतु माझ्या कलेच्या आठवणी म्हणजे मुंबईतील एका घराच्या आठवणी. आणि त्या घराविषयी खरेखुरे लिहावयाचे तर माझा स्वतःचा एक अपराधही सांगावा लागतो. वाचकांनी दोन्ही गोष्टी एकत्रच ऐकाव्यात, कारण माझ्या मनात त्या कधी वेगळ्या झाल्याच नाहीत.

ज्यांचे तारुण्य मुंबईत गेले त्यांना वॉर्डन रोड आठवत असेल. त्याच रस्त्याला पुढे भुलाभाई देसाई मार्ग हे नाव मिळाले. लाल किल्ल्यात १९४५ साली आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला, तेव्हा त्यांची बाजू मांडणारे विख्यात कायदेपंडित ते हेच भुलाभाई. १९४६ साली ते निवर्तले. समुद्राकाठच्या त्यांच्या बंगल्यात पुढे त्यांच्या सूनबाई माधुरीबेन देसाई यांनी त्यांच्या नावाने एक संस्था चालविली. सोली बाटलीवाला हे त्या कामात त्यांचे सहकारी होते. संस्थेचे स्वरूप एका वाक्यात सांगता येईल : ज्या घरात पूर्वी एक कुटुंब राहत असे, त्याच्या खोल्या चित्रकारांना, शिल्पकारांना, नटांना आणि गायकवादकांना काम करण्यासाठी मिळाल्या. चित्रकाराच्या स्टुडिओचे भाडे दिवसाला एक रुपया. त्या काळी मुंबईत डोक्यावर छप्पर मिळविण्यासाठी पागडी मोजावी लागे. तेव्हा या एका रुपयाचे मोल काय होते, हे आपल्यापैकी जुन्या मंडळींना सांगावयास नको.

मी १९६० साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेऊन बाहेर पडलो आणि परळकडील एका कापडगिरणीच्या डिझाइन खात्यात लागलो. काम साड्यांच्या काठांची नक्षी काढण्याचे. आमचे बिऱ्हाड सात रस्त्याजवळ, एका चाळीतील दोन खोल्यांत. आईवडील, धाकटी बहीण आणि मी. वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. घरात तैलरंगाची बाटली उघडली तर शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत टर्पेंटाइनचा वास जाई, आणि कॅनव्हास उभा करावयाचा तर बहिणीला अभ्यासासाठी जिन्यात बसावे लागे. अशा वेळी, १९६१च्या पावसाळ्यानंतर, जे. जे. मधील एका मित्राने मला आपल्या स्टुडिओचा एक कोपरा देऊ केला. भाडे निम्मे, म्हणजे आठ आणे. मित्र दगड आणि लाकूड कोरीत असे, मी रंगवीत असे. माझ्या वाट्याला पश्चिमेची खिडकी आली होती. चित्रकाराला उत्तरेचा स्थिर उजेड हवा असतो. माझ्या खिडकीत तो नव्हता. दुपारनंतर समुद्रावरून ऊन आत येई आणि रंगांना खोटे पाडी. तरी मला ती खिडकी राजवाड्यासारखी वाटे.

त्या घराची मोठी गंमत अशी, की तेथे कोणीही एकटा नसे, आणि तरी प्रत्येकाला आपापले एकांत मिळे. हुसेन तेथे काम करीत, आणि गायतोंडेही. एकाच छपराखाली दोन टोकांचे स्वभाव. हुसेन यांचा हात झपाट्याचा. गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी करीत, आणि कोऱ्या कॅनव्हाससमोर दीर्घकाळ बसून राहणे हाही त्यांच्या कामाचाच भाग असे. नसरीन मोहमदी या तरुण चित्रकर्तीचाही स्टुडिओ तेथे होता. अल्काझी १९६२ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयाचे संचालक होऊन गेले, तोपर्यंत त्यांच्या थिएटर युनिटचा तेथे राबता होता. आपल्या समाजाचे कवी निस्सिम इझिकेल यांचे या मंडळींशी जुने नाते होते, याचा मला मनातल्या मनात अभिमान वाटे. विजयाबाई मेहतांच्या ‘रंगायन’च्या तालमी तेथेच चालत, आणि १९६२ साली पंडित रविशंकरांनी ‘किन्नर’ ही आपली संगीतशाळा काढली तीही त्याच घरात.

मी या थोरामोठ्यांच्या बैठकीतला नव्हतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. येताजाता जिन्यात नमस्कार होई, एवढीच माझी ओळख. पण कामाला बसले की सगळे घर कानांवर येई. खालून एखादा नट तेच वाक्य दहा वेळा, दहा निरनिराळ्या आवाजांत म्हणत असे. कोठेतरी सतारीवर एखादा विद्यार्थी एकाच पलट्यावर पुनःपुन्हा अडखळे. माझ्या पाठीमागे मित्राची छिन्नी चाले. अडखळणारे आपण एकटेच नाही, हे समजण्यास त्याहून चांगली शाळा मला मिळाली नाही. जे. जे. ने मला हात दिला. काम करण्याचा धीर या घराने दिला.

आता अपराधाची गोष्ट.

वडील १९६३ साली निवृत्त झाले आणि त्यांनी इस्राएलला येण्याचे ठरविले. त्या सुमारास विवाहाच्या बाबतीत आपल्या समाजाच्या यहुदीपणाविषयी शंका घेतली जात होती. १९६२ साली सुरू झालेला तो वाद आणि त्यापायी सोसलेला मनस्ताप वाचकांच्या स्मरणात असेल. वडील म्हणत, “आपण कोण आहोत ते आपल्याला ठाऊक आहे. कोणी विचारतो म्हणून वाटेत थांबायचे नसते.” मी मात्र थांबण्याची भाषा केली. “ज्या देशात आपल्या लग्नाला लोक हरकत घेतात तेथे मी पाऊल ठेवणार नाही, आधी हा प्रश्न सुटू द्या,” असे मी घरात मोठ्या आवेशाने सांगितले. आईवडील आणि बहीण दिमोनाला आले. मी मुंबईत आग्रीपाड्याला आत्याकडे राहिलो. सिनगॉगमधील मंडळी माझ्या बाणेदारपणाचे कौतुक करीत आणि मी ते घेत असे.

त्यात बाणेदारपणा मुळीच नव्हता. मला ती पश्चिमेची खिडकी सोडवत नव्हती, एवढेच खरे होते. १९६४च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत असे जाहीर केले. त्यासाठी आपल्या बांधवांनी येरुशलाईममध्ये भर उन्हात ठाण मांडले होते. ती बातमी आली त्या दिवशी आग्रीपाड्यात पेढे वाटले गेले. मीही पेढा खाल्ला, आणि माझ्या पोटात गोळा उठला. कारण माझी सबब संपली होती. वडिलांचे पत्र आले : “आता काय अडले?” मी उत्तर लिहिले, की गिरणीत बढतीची शक्यता आहे. पुढल्या पत्रात आणखी काही लिहिले. स्टुडिओचा उल्लेख मी एकाही पत्रात केला नाही. आत्यालाही मी कधी त्या जागेचा पत्ता सांगितला नव्हता. “मित्राकडे जातो,” एवढेच सांगून मी बाहेर पडत असे. शब्बाथच्या दिवशी ब्रश हाती धरतो हे तिला कळू नये, हे एक कारण. आणि ती जागा फक्त माझी असावी, हे दुसरे. ज्या घरात सर्व काही वाटून घेतलेले होते, तेथील माझ्या कोपऱ्याविषयी मी एवढा कृपण होतो.

१९६५च्या नोव्हेंबरातील एका शनिवारी गिरणीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी होताच मी नेहमीप्रमाणे थेट वॉर्डन रोडला गेलो. नुकतेच सप्टेंबरात युद्ध होऊन गेले होते. काळोखाच्या हुकमासाठी तावदानांना चिकटविलेले काळे कागद मी त्याच आठवड्यात खरडून काढले होते, आणि कितीतरी दिवसांनी खिडकीतून पुरता समुद्र दिसत होता. एक मोठा कॅनव्हास महिनाभर अडून बसला होता. नौगावच्या किनाऱ्याची कल्पना मनात होती. आपले पूर्वज जेथे फुटलेल्या गलबतातून किनाऱ्याला लागले असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, तोच किनारा. तोवर मी त्यात गलबत, माणसे, नारळी असे सगळे भरून ठेवले होते. त्या दुपारी मी ते एकामागून एक पुसत गेलो. माणसे गेली, गलबत गेले, आणि निळ्या रंगाखाली त्यांच्या फक्त खुणा राहिल्या. अंधार पडल्यावर दिव्याच्या उजेडात काम केले. त्या रात्री मी तेथेच सतरंजीवर झोपलो. रविवारी संध्याकाळी चित्र पुरे झाले. आयुष्यात प्रथमच मला असे वाटले, की मी चित्रकार आहे.

रात्री नऊच्या सुमारास आग्रीपाड्याला पोहोचलो. दारात चपलांचा ढीग होता. आत्या जमिनीवर बसली होती. वडील गुरुवारी रात्री दिमोनात हृदयविकाराने गेले होते, आणि शुक्रवारी शब्बाथ लागण्यापूर्वी त्यांना माती दिली गेली होती. तार शनिवारी सकाळी, मी गिरणीत गेल्यानंतर, आली होती. आत्याचा मुलगा गिरणीत गेला तोवर मी तेथून निघालो होतो. त्याने माझ्या ओळखीच्या दोन घरी चौकशी केली. शनिवारची रात्र गेली, रविवार गेला. शेजाऱ्यांनी दहाजण गोळा केले, पण कद्दीश म्हणावयास मुलगा नव्हता. आत्या मला एक शब्दही रागाने बोलली नाही. एवढेच म्हणाली, “अरे, तुला शोधायचे तरी कोठे?”

त्या प्रश्नाला मी आजवर उत्तर दिलेले नाही. मी बसलो, वस्त्र फाडले, कद्दीश म्हटले. माझ्या नखांत निळा रंग होता. तो सात दिवस निघाला नाही.

पुढील वर्षी, १९६६ साली, मी मुंबई सोडली. कोपरा रिकामा करताना मित्राने, “जागा कोठे पळून जात नाही; परत आलास की बघू,” असा दिलासा दिला. चित्र चौकटीवरून उतरवून गुंडाळले आणि बरोबर आणले. दिमोनातील कापडगिरणीत मला नोकरी मिळाली. पुन्हा काठ आणि नक्षी. ज्या गावात मी आलो ते १९५५ साली वसलेले, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीहूनही पाच वर्षांनी लहान! एखाद्या जुन्या जिन्याच्या झिजलेल्या पायरीवर पाय ठेवावा असे वाटले तरी सगळ्या गावात तशी एक पायरी सापडली नसती. मी घरी कॅनव्हास ताणला, चार दिवस समोर बसलो आणि उतरवून ठेवला. मग कोणी विचारले तर सांगू लागलो : “येथे समुद्र नाही. तसे घर नाही. तशी सोबत नाही. चित्रे कशी व्हावीत?” लोक सहानुभूतीने मान हालवीत. अशी वीसएक वर्षे गेली.

१९९५ साली मुंबईस जाण्याचा योग आला. सर्वप्रथम मी वॉर्डन रोडला गेलो. बंगला नव्हता. त्याच्या जागी ‘आकाशगंगा’ नावाची उंच इमारत उभी होती. मी फाटकापाशी उभा राहून माझी खिडकी आकाशात नेमकी कोठे असावी याचा अंदाज करीत होतो. पहारेकरी जवळ आला आणि त्याने विचारले, “कोणाकडे जायचंय?” मला एकही नाव सांगता आले नाही. समोर मात्र समुद्र होता तसाच होता, आणि दुपारचे ऊन तसेच रंगांना खोटे पाडीत होते. आत्याचा तो जुना प्रश्न त्या वेळी मला आठवला. तीस वर्षांपूर्वी मला कोठे शोधावे हे माझ्या माणसांना ठाऊक नव्हते. आता त्या जागेला शोधावे कोठे हे मला ठाऊक नव्हते.

तरीही मी शहाणा झालो नाही. शहाणपण आले ते एका वृत्तपत्रातील बातमीने. २०१३च्या डिसेंबरात मुंबईतील एका लिलावात गायतोंडे यांच्या एका चित्राला २३ कोटी ७० लाख रुपये किंमत आली. आमच्याकडील तरुण मंडळींना त्या आकड्याचे नवल वाटले. दिवसाला एक रुपया भाडे त्यांना सांगितले तेव्हा ते हसले. माझे लक्ष दुसऱ्याच आकड्याकडे गेले. ते चित्र १९७९ सालचे होते. गायतोंडे १९७२ साली मुंबई सोडून दिल्लीला गेले होते. ते चित्र झाले तेव्हा त्यांच्या खिडकीतही वॉर्डन रोडचा समुद्र नव्हता. नसरीनबाई बडोद्यास शिकवीत राहिल्या आणि १९९० साली निधन होईपर्यंत आपल्या बारीक रेषा काढीत राहिल्या. ‘रंगायन’ फुटले आणि १९७१ साली त्यातील काहींनी ‘आविष्कार’ काढले. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात त्यांची नाटके होऊ लागली. घर सर्वांचेच गेले होते. त्या घरासाठी काम थांबविणारा त्यांच्यात कोणी दिसत नव्हता. मी थांबलो होतो.

तेव्हा मला माझ्या दोन सबबी शेजारीशेजारी दिसल्या. समाजाच्या मानापमानाची सबब सांगून मी त्या घरासाठी आईवडिलांना टाळले. आणि पुढे त्याच घराची सबब सांगून मी चित्रांना टाळले. वास्तूवर प्रेम असणे यात वाईट काही नाही. भिंतींनाही माणसाची सवय होते, तशी माणसाला भिंतींची. पण प्रेमाच्या वस्तूला माणूस जेव्हा ढाल करतो, तेव्हा त्या वस्तूचाही तो अपमानच करीत असतो. त्या घराने मला आठ आण्यांत एक कोपरा दिला होता, तो काम करण्यासाठी. शोक करण्यासाठी नव्हे.

गेली दहाबारा वर्षे मी पुन्हा रंगवितो. जागा म्हणजे आमच्या वस्तीतील एक सार्वजनिक मिक्लात. त्याला खिडकी नाही, मग उत्तर काय आणि पश्चिम काय! जागा तीन जणांत वाटलेली आहे. सोमवारी रशियाकडून आलेले एक गृहस्थ मुलांना व्हायोलिन शिकवितात. बुधवारी आपल्या भगिनींचे कीर्तनमंडळ जमते. एलियाहू हन्नाबीच्या आख्यानाच्या साक्या म्हणताना एका ठिकाणी त्यांचा सूर हटकून चढतो आणि त्या हसून पुन्हा पहिल्यापासून धरतात. मी कोपऱ्यात रंगवीत असतो. त्या दोघांच्याही दिवशी मला घरी थांबता येईल, पण मी मुद्दाम जातो. २०२५च्या जून महिन्यात भोंगे वाजू लागले, तेव्हा आम्ही चित्रे भिंतीकडे तोंड करून रचली, व्हायोलिनच्या पेट्या वर टांगल्या, आणि शेजारची सगळी बिऱ्हाडे मुलांबाळांसह तेथे आली. टर्पेंटाइनच्या वासाबद्दल कोणी तक्रार केली नाही. जागेचा पत्ता आता सगळ्यांना ठाऊक आहे. दारावर मी माझा दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवला आहे.

नौगावचे ते चित्र माझ्या बहिणीच्या घरी, बैठकीच्या खोलीत आहे. चित्रावर सही आहे, तारीख नाही. तारीख न घालण्याचे कारण तिला कधी सांगितले नव्हते. हा लेख छापावयास देण्यापूर्वी तिला वाचून दाखविणे मला प्राप्त होते. गेल्या शुक्रवारी दिवे लागण्यापूर्वी मी तिच्याकडे गेलो आणि सर्व वाचून दाखविले. ती भरडलेल्या चण्याच्या डाळीत पाणी घालीत ऐकत होती. वाचून संपल्यावर म्हणाली, “दादा, हे मला ठाऊक होते. आत्याने तेव्हाच आईला लिहिले होते, की तुझ्या नखांत रंग होता म्हणून.”

मी विचारले, “साठ वर्षे ठाऊक होते, तरी ते चित्र समोर लावलेस?”

“चित्र चांगले आहे, म्हणून लावले,” ती म्हणाली. “आता तेवढी तारीख घालून टाक.”

ब्रश बरोबर नव्हता. शब्बाथ लागावयास थोडा अवधी होता. तिच्या नातवाची पेन्सिल घेऊन मी चित्राच्या पाठीमागे तारीख घातली.